कुठे उतरणार?

चेंबूरला बिऱ्हाड आणि रे रोडला नोकरी असलेल्या मनुष्याने संध्याकाळी कचेरी सुटल्यावर कोणत्या दिशेची गाडी पकडावी, हा प्रश्न भूगोलाच्या दृष्टीने तिसरीतल्या मुलानेही सोडवावा इतका सोपा आहे. परंतु गेली अकरा वर्षे मी तो रोज चुकीचा सोडवीत आलो असून, त्या चुकीसाठी दरमहा जादा पैसेही मोजीत आलो आहे. चेंबूर उत्तरेला आहे. मी दक्षिणेला जातो. रे रोडहून डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मस्जिद असे करीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायचे, मोटरमन या टोकाचा त्या टोकाला जाईपर्यंत खिडकीची जागा हस्तगत करायची, आणि मग अर्ध्या तासापूर्वी ज्या रे रोडच्या फलाटावर आपण उभे होतो त्याच फलाटासमोरून, बसलेल्या अवस्थेत, स्वगृही प्रयाण करायचे. या नित्यविधीला हार्बरच्या भाषेत 'रिटर्न मारणे' असे नाव आहे. रे रोड ते चेंबूर हा प्रवास उभ्याने सुमारे पंचवीस मिनिटांचा; तो उभ्याने करावा लागू नये म्हणून मी तीस मिनिटे जास्त प्रवास करतो. हिशेबखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाचा हा हिशेब आहे, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

या वर्तनात काही वावगे असावे अशी शंका मला अकरा वर्षांत आली नव्हती. ती आली, वरून आलेल्या हुकमान्वये आमच्या कचेरीत 'मानवी प्रेरणा' या विषयावर झालेल्या सक्तीच्या व्याख्यानामुळे. वक्ते तरुण, तरतरीत आणि कोणत्याही क्षणी श्रोत्यांना हात वर करून ओरडायला लावतील असे दिसत होते. आरंभीच त्यांनी सवाल टाकला, "माणसाला रोज सकाळी अंथरुणातून कोण उठवतं?"

"पाणी," मागच्या रांगेतून आमचे खजिनदार म्हणाले. "सव्वापाचला येतं, सहाला जातं."

वक्त्यांना 'ध्येय' हे उत्तर अभिप्रेत होते. क्षणभर विचलित होऊन त्यांनी पडद्यावर एक त्रिकोण दाखवला. अब्राहम मास्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली मानवी गरजांची जी उतरंड मांडली, तिचा तो त्रिकोण होता: तळाशी अन्न, पाणी, झोप, त्यावर सुरक्षितता, त्यावर प्रेम, त्यावर मानमरातब आणि शिखरावर आत्माविष्कार. मास्लोने आपल्या मूळ लेखात असा त्रिकोण काढलाच नव्हता, तो मागाहून इतरांनी काढून त्याच्या नावावर चढवला, हे मला पुढे वाचून समजले. त्या वेळी मात्र मी वहीत तो त्रिकोण इमानेइतबारे उतरवून घेतला आणि हात वर केला.

"यात बसायची जागा कुठे येते?"

"म्हणजे?"

"खिडकीजवळची."

हशा पिकला. हा प्रश्न आपण चहानंतर घेऊ, असे वक्ते म्हणाले. परंतु चहाबरोबर समोसे असल्याने प्रश्न तहकूब झाला तो कायमचाच. मनात मात्र तो घर करून राहिला. मनुष्य जे काही करतो ते सुखासाठी करतो की जिवासाठी, आणि मी जे करतो ते या दोहोंपैकी कोणत्या सदरात जमा करायचे?

जगण्याची प्रेरणा सर्वांत प्रबळ असते, असे प्रतिपादन करणाऱ्या विद्वानांनी एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास टर्मिनसच्या एक किंवा दोन क्रमांकाच्या फलाटावर येऊन उभे राहावे. गाडी अजून थांबलेली नसते. फलाटाच्या कडेला जी मंडळी पवित्रा घेऊन सज्ज असतात, त्यांत दोन मुलींचे बाप असतात, मधुमेही असतात, विम्याचा हप्ता मुदतीच्या आत भरणारे असतात, आणि 'रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघ' असे सकाळीच मुलाला बजावून निघालेले असतात. हीच विवेकी मंडळी चालत्या डब्यात उड्या घेतात, एकमेकांची बरगडी, चष्मा व कुलशील यांची पर्वा न करता आत मुसंडी मारतात, आणि पुढच्याच क्षणी हवेच्या बाजूच्या खिडकीशी विराजमान होऊन जणू जन्मतःच तेथे बसलेलो होतो अशा शांत मुद्रेने कपाळाचा घाम पुसतात. देहाचा विमा उतरवलेला असतो. खिडकीचा विमा कोणतीच कंपनी उतरवीत नाही. म्हणून देह पणाला लावून खिडकी वाचवायची, असा हा शुद्ध व्यवहार आहे.

बरे, मग हे सुखासाठी म्हणावे, तर सुखवाद्यांचेही ग्रंथ मी चाळून पाहिले. आपल्याकडच्या चार्वाकाने कर्ज काढूनही तूप प्यावे असा सल्ला दिला असे सांगतात. पण त्यासाठी उलट दिशेने जावे असे तो कुठे म्हणाल्याचे ऐकिवात नाही. विलायतेत जेरेमी बेंथॅम याने, सुख आणि दुःख हे मनुष्याचे दोन सार्वभौम धनी होत, असे १७८९ साली जाहीर केले. त्याच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्याची मरणोत्तर व्यवस्था मला अधिक पटली. १८३२ साली हा गृहस्थ वारला तेव्हा त्याच्याच मृत्युपत्रानुसार त्याचा सांगाडा नेहमीचे कपडे चढवून खुर्चीत बसवण्यात आला, आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काचेच्या पेटीत तो आजही बसलेला आहे. शेजारी काच, खाली बैठक, आणि 'जरा सरकता का?' असे विचारायला कोणी नाही! सुखाची याहून परिपूर्ण कल्पना हार्बर मार्गावरच्या कोणत्याही प्रवाशाला सुचणार नाही. त्यानंतर व्हिएन्नाच्या फ्रॉइडने १९२० साली, ज्यात सुखाचा लवलेश नाही अशा गोष्टीही मनुष्य पुन्हापुन्हा का करीत राहतो, याविषयी एक पुस्तक लिहिले. ते मी सहा पानांवर मिटले. इतक्या दूरच्या माणसाने आपल्यावर पाळत ठेवावी, हे मला प्रशस्त वाटले नाही.

याच सुमारास डॉक्टरांनी माझी रक्ततपासणी करवून घेतली आणि कागदावरची नजर न काढता विचारले, "दिवसातून बसता किती?"

"कचेरीत आठ तास," मी म्हणालो.

"आणि गाडीत जवळजवळ तास," सौभाग्यवतींनी जबानीत भर घातली. "उभं राहायला लागू नये म्हणून उलटे जाऊन येतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे जे औषध तुम्हांला रोज फुकट मिळतंय ते तुम्ही पैसे भरून टाळता? जगायचं असेल तर उभे राहा."

अशा रीतीने शास्त्राने निर्णय दिला की, माझे जीवित उभे राहण्यात आहे. सुख बसण्यात आहे. आणि मी ज्या पद्धतीने बसतो तीत सुखही नाही, हे मला पुढल्या काही आठवड्यांत ज्या आपत्ती ओढवल्या त्यांवरून कळून चुकले.

पहिली गोष्ट अशी की, रिटर्न मारण्याची विद्या आता गुप्त राहिलेली नाही. पूर्वी रे रोडला टर्मिनसकडे जाणारी गाडी संध्याकाळी निम्मी रिकामी येई. आता कॉटन ग्रीनचे आणि शिवडीचे लोक आधीच रिटर्नला बसून आलेले असतात. परवा आत शिरलो, तर सगळी बाके भरलेली. मी एकाला विचारले, "मस्जिदला उतरणार?" तो म्हणाला, "रिटर्न." दुसरा म्हणाला, "रिटर्न." तिसऱ्याने नुसतीच मान हलवली. ज्या डब्यातला एकही मनुष्य जिकडे गाडी चालली आहे तिकडे जात नव्हता, अशा त्या डब्यात, पुढे बसायला मिळावे म्हणून, मी टर्मिनसपर्यंत उभ्याने गेलो.

दुसरी आपत्ती वडाळ्याची. त्या दिवशी टर्मिनसवर मी अशी उडी घेतली की हवेच्या बाजूची खिडकी साक्षात पुढ्यात आली, आणि त्या हर्षात मी गाडीवरची पाटी पाहिलीच नाही. चेंबूरकडची गाडी काय किंवा गोरेगावची काय, वडाळ्यापर्यंत दोघींचा मार्ग एकच असल्याने शिवडी सरेपर्यंत माझ्या सुखात व्यत्यय आला नाही. मग शेजाऱ्याने विचारले, "काका, कुठे उतरणार?"

"चेंबूर."

"ही गोरेगाव आहे. उठा लवकर, वडाळा आलं."

मी दरवाजातली गर्दी पाहिली. मग खिडकी पाहिली. "राहू दे," मी म्हणालो, "विंडो आहे."

त्या खिडकीतून मी किंग्ज सर्कल पाहिले आणि माहीमही पाहिले. माहीमला मात्र विवेक जागा झाला व मी उतरलो. तेथून वडाळ्यापर्यंत उभ्याने आलो, वडाळ्याहून चेंबूरपर्यंत उभ्याने गेलो, आणि घरी पोहोचलो तेव्हा आमटी दुसऱ्यांदा गरम करून तिसऱ्यांदा गार झाली होती.

तिसरी आपत्ती कायद्याची. माझा पास तेव्हा रे रोडपर्यंतचाच होता आणि टर्मिनसपर्यंतचे तिकीट काढण्यात मी त्या दिवशी कसूर केली होती. तपासनीसांनी पास उलटसुलट करून पाहिला.

"रे रोडपर्यंतचा पास आहे. इथे कशाला आलात?"

"बसायला."

"स्टेशनवर?"

"नाही, गाडीत. जायचंय चेंबूरला."

"चेंबूरला जायला रे रोडवरून इथे?" त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले, पण पावती फाडलीच: दंड २५० रुपये, अधिक भाडे. दुसऱ्याच दिवशी मी पास वाढवून घेतला. शहाणा मनुष्य अशा प्रसंगी सवय सोडतो. मी ती अधिकृत करून घेतली.

या विषयात आमच्या डब्यातले मामा हे माझे गुरू. (मामा कोणाचे, हे आम्हां कोणालाच ठाऊक नाही.) माझे हाल ऐकून ते म्हणाले, "तुम्ही शंभर वर्षं उशिरा नोकरीला लागलात." मग त्यांनी सांगितलेला इतिहास ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. हार्बर मार्ग १९१० साली सुरू झाला तो कुर्ल्यापासून रे रोडपर्यंतच. पुढे रूळ नव्हतेच. १९२५ साली तो पुलांवरून थेट व्हिक्टोरिया टर्मिनसला जोडला गेला आणि त्या वर्षी ३ फेब्रुवारीला भारतातील विजेवर धावणारी पहिली आगगाडी याच मार्गाने कुर्ल्याला गेली, याचा आपण अभिमान बाळगतो. पण त्याआधीची पंधरा वर्षे रे रोड हेच गाडीचे शेवटचे टोक होते, याचा अर्थ कोणी ध्यानात घेत नाही. तेव्हा गाडी रे रोडला रिकामी होई. रे रोडच्या माणसाने घड्याळाची साखळी सावरीत सावकाश यावे आणि हवी ती खिडकी घ्यावी! १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या जागेला आहे. आपल्या भाषेत 'रे' हे लंगोटीयाराला घालायचे संबोधन असल्याने त्या लाटसाहेबांचा आपण रोज एकेरी उल्लेख करतो. पण १९२५ साली ज्यांनी आमच्या खिडक्या खालसा करून टर्मिनसला बहाल केल्या, त्यांना काय संबोधावे हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

तेव्हा मी स्वावलंबनाचा मार्ग धरला. रे रोड स्थानकाच्या पूर्वेला दारूखाना नावाचा भाग आहे. पूर्वीच्या बंदुकीच्या दारूवरून पडलेले हे नाव असून, तेथे आता आयुष्य संपलेली जहाजे मोडतात. दिवसभर हातोड्यांचे घाव आणि गॅसने पोलाद कापल्याचा जळका वास. आणि दुकानांतून त्या जहाजांच्या पोटातून निघालेले सामान: साखळदंड, कप्प्या, कंदील, दोरखंड, कपबश्या. एका दुकानात मी फार वेळ रेंगाळलो. तेथे एकाच खिळ्याला, नारिंगी रंगाचे जीवरक्षक जाकीट आणि जहाजावरच्या मद्यपानगृहातले गोल बैठकीचे स्टूल, अशा दोन वस्तू टांगलेल्या होत्या. बुडू नये म्हणून माणसाने केलेली तरतूद आणि बुडण्यासाठी केलेली तरतूद! खाली पडलेले एक घडीचे स्टूल मी उचलले. दुकानदाराने भाव सांगितला, तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहात?"

"दारूखान्यात. स्टूलवर बसून बघतोय."

घरी फोन मोठ्या आवाजावर होता आणि शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. पुढले दोन दिवस काकूंनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी माझ्या तीर्थरूपांनीही माझा मॅट्रिकचा निकाल पाहताना वापरली नव्हती. स्टुलाचे म्हणाल तर, ते गर्दीत उघडायला जितकी जागा लागते तितकी मिळाली असती तर स्टुलाची गरजच नव्हती. मोठ्या कष्टाने चुनाभट्टीला ते उघडले आणि रुमालाने पुसू लागलो, तोच एक धट्टाकट्टा तरुण "थँक्यू काका" म्हणून त्यावर बसला, आणि कुर्ल्याला त्याने ते अदबीने घडी करून माझ्या हाती दिले.

एके दिवशी मामांना मी माझा सिद्धांत ऐकवला: माणसाला ना जीव प्यारा, ना सुख, त्याला फक्त इतरांच्या आधी पोहोचायचे असते. मामांनी खिडकीबाहेर गोदीकडे बोट दाखवले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटले. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा असा सगळा एकत्र माल होता. त्या विटा आकाशातून गावावर पडल्या. मोतीवाला नावाच्या एका पारशी गृहस्थांच्या घराचे छप्पर फोडून एक वीट आत आली. त्यांनी ती परत केली.

"परत?" मी विचारले.

"परत. आणि लोक गोदीतून बाहेर पळत होते तेव्हा बंबवाले आत जात होते. सहासष्ट गेले त्यांतले. त्यांना कुठली विंडो पकडायची होती?"

मी काहीच बोललो नाही. सिद्धांत लिहिलेल्या वहीत समासात 'अपवाद' असा शब्द घातला, आणि समास पुरेना म्हणून पान उलटले.

आता कबुलीजबाबाची वेळ आली आहे. मी रिटर्न का मारतो, ते मला फार पूर्वीपासून ठाऊक होते. गाडी टर्मिनसहून निघते, डॉकयार्ड रोड मागे पडते आणि रे रोडच्या फलाटात शिरते. ते अर्धे मिनिट हे माझ्या दिवसाचे सार्थक असते. फलाटावर आमच्याच कचेरीतले लोक उभे असतात: ज्यांनी वेळ वाचवला, पैसे वाचवले आणि आता दरवाजात लोंबकळण्याची तयारी चालवली आहे असे शहाणे लोक. मी त्यांच्याकडे पाहत नाही. पाहत नाही हे त्यांना दिसेल अशा बेताने मी समोर पाहतो, वाऱ्याने विस्कटलेले केस सावकाश मागे सारतो आणि वर्तमानपत्राची घडी उलगडतो. ते वर्तमानपत्र सकाळचे असते व सकाळीच वाचून झालेले असते. तीस मिनिटे, जादा पास आणि २५० रुपये दंड, हे सारे या घडी उलगडण्याचे मोल आहे. सुख म्हणतात ते हेच असेल तर त्याला दोन माणसे लागतात: एक बसलेला आणि एक उभा.

गेल्या महिन्यात सणाच्या सुट्टीच्या दिवशी शिल्लक मालाची मोजदाद करायला आम्हांला कचेरीत बोलावले. संध्याकाळी निघालो आणि सवयीने उलट्या गाडीत चढलो. टर्मिनसला पाहतो तो फलाट मोकळा. उडी मारायला कोणी नाही, ढकलायला कोणी नाही. पूर्ण थांबलेल्या गाडीत मी एकटा, सभ्य गृहस्थासारखा, उभ्या-उभ्या विचार करीत राहिलो, कारण निवड करावी लागण्याचा प्रसंग माझ्यावर अकरा वर्षांत आला नव्हता. हवेच्या बाजूच्या एका खिडकीशी बसलो. मग दुसऱ्या. समोरच्या बाकावर पायही ताणून पाहिले. वारा तोच होता. मस्जिद गेले, सँडहर्स्ट रोड गेले. रे रोड आले; मी केस मागे सारले, वर्तमानपत्र उलगडले आणि मान जरा वळवली. फलाटावर एक कुत्रे झोपले होते. त्याने डोळाही उघडला नाही.

कॉटन ग्रीन येईपर्यंत मला तेथे बसवेना. उठलो आणि दांडीला धरून दरवाजाजवळ उभा राहिलो. डॉक्टरांच्या हुकमाची आयुष्यात प्रथमच तामिली होत होती. बरे वाटत होते, नाही असे नाही. मनात एक प्रकारची विरक्तीही दाटून येत होती, आणि उद्यापासून सरळ घरी जावे, वाचलेल्या अर्ध्या तासात चालायला जावे, असे विचार, जे मनुष्याला केवळ रिकाम्या डब्यात सुचतात, ते सुचू लागले होते.

शिवडीला एक मनुष्य चढला. हातात पिशवी, घाई कसलीच नाही. त्याने संपूर्ण रिकाम्या डब्यावरून एकवार नजर फिरवली, सगळी बाके ओलांडीत सावकाश पुढे आला, आणि मी जी सोडली होती नेमक्या त्याच खिडकीशी बसला.

एवढा डबा पडला असताना माझीच? माझ्या छातीत काहीतरी हलले. दांडी सोडून मी त्याच्या बाकापाशी गेलो, वर्तमानपत्र काखेत मारले आणि घसा साफ करून विचारले,

"कुठे उतरणार?"